मुसाफिराची सराय

शहराचा इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे आपण बहुधा त्याच्या राजांचीं, लढायांचीं आणि इमारतींचीं नांवें घेतों. परंतु परक्या गांवीं दिवेलागणीला उतरलेल्या प्रवाशाला यांपैकीं कशाशींच कर्तव्य नसतें. पाठ टेकावयास जागा कोठें मिळेल, प्यावयास पाणी कोठें मिळेल आणि पोटांत दोन घांस कसे जातील, एवढेच त्याचे प्रश्न असतात. या प्रश्नांना जें शहर बरें उत्तर देतें, तें त्याच्या मनांत चांगलें ठरतें. मग तेथील राजा थोर असो वा नसो.

आज मी जी हकीकत सांगणार आहें ती अशाच एका उत्तराची आहे. शहर आपल्या परिचयाचें आहे : छत्रपती संभाजीनगर, ज्याला २०२३ सालापर्यंत औरंगाबाद म्हणत. स्थळहि परिचयाचें आहे : पाणचक्की. सहलीला गेलेल्या आपल्यांतील पुष्कळांनीं तेथील हौद पाहिला असेल, पाण्याच्या जोरानें फिरणारें जातें पाहिलें असेल, आणि चार घटका वडाच्या सावलींत बसून पुढें बीबीच्या मकबऱ्याकडे प्रस्थान ठेविलें असेल. परंतु तें जातें कोणासाठीं दळत होतें, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. तें दळत होतें पाहुण्यांसाठीं. पाणचक्की ही मुळांत प्रवाशांच्या उतरण्याची जागा होती.

हल्लीं मोठ्या शहरांत 'बुटीक हॉटेल' या नांवाचा एक प्रकार निघाला आहे. शहराच्या जुन्या भागांतील एखादा वाडा घ्यावयाचा, त्यांत मोजक्याच खोल्या सजवावयाच्या, आणि त्या भिंतींनीं पाहिलेला काळ हाच पाहुण्यापुढें मुख्य पदार्थ म्हणून वाढावयाचा. या व्याख्येला पाणचक्की पुरेपूर उतरली असती. फरक एवढाच कीं, तेथें बिल येत नसे.

या गोष्टीचा आरंभ पाण्यापासून करावा लागतो. इ. स. १६१० च्या सुमारास निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानें खडकी नांवाच्या लहानशा गांवीं राजधानी वसविली. खडकी हें नांवच तेथील जमिनीची साक्ष देतें. खालीं काळा कातळ, सभोंवती टेकड्या, आणि उन्हाळ्यांत नांवापुरती उरणारी खाम नदी. अशा ठिकाणीं माणसें आणावयाचीं तर आधीं पाणी आणलें पाहिजे, हें त्या चतुर हबशी वजिरानें ओळखलें. टेकड्यांच्या पायथ्याशीं जमिनींत झिरपणारें पाणी त्यानें भुयारी मार्गानें शहरांत आणविलें. तीच प्रसिद्ध नहर-ए-अंबरी. १६२६ त अंबर वारला. त्याचा मुलगा फत्तेखान यानें गांवाला फत्तेनगर म्हटलें. आणि १६५३ त दक्षिणेचा सुभेदार असलेल्या औरंगजेबानें त्याला स्वतःचें नांव दिलें. धनी बदलले, नांवें बदललीं, परंतु नहर तीच राहिली. पुढें तिच्या धर्तीवर दुसऱ्याहि नहरी झाल्या. थत्ते नहर आणि पाणचक्कीची नहर हीं नांवें जुन्या शहरांत अद्याप लोकांच्या तोंडीं आहेत.

पाण्याबरोबर रस्ताहि आला. सुरतेच्या बंदरांतून गोवळकोंड्याकडे जाणारी व्यापाराची मोठी वाट या शहरावरून जात असे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याला याच वाटेवर संगमरवरानें लादलेल्या सुमारें ३०० गाड्या भेटल्या, आणि त्यांतील लहानांत लहान गाडीलासुद्धां १२ बैल जुंपलेले होते, असें तो लिहितो. त्याचाच देशबांधव तेव्हेनो १६६६ च्या सुमारास शहरांत येऊन गेला. तेव्हां शहराला तट नव्हता. तो १६८२ त उठला. तेव्हेनोनें दगडी उंच घरें पाहिलीं, दारापुढचीं झाडें पाहिलीं, द्राक्षांचे आणि संत्र्यांचे मळे पाहिले. शिंगें नसलेलीं येथील मेंढरें इतकीं दणकट कीं, लगाम-खोगीर घालून त्यांवर दहा वर्षांचीं मुलें खुशाल फिरतात, हें त्यानें मोठ्या कौतुकानें टिपून ठेविलें आहे. आपल्या विषयाला उपयोगी अशी त्याची नोंद मात्र वेगळी आहे. शहरांत सार्वजनिक पाणी, सराया आणि हमामखाने यांची वाण नाहीं, असें तो सांगतो. या तीन गोष्टी त्यानें एका दमांत सांगितल्या, आणि त्या एकाच दमांत सांगावयाच्या आहेत. जेथें पाणी नाहीं तेथें सराय चालत नाहीं.

त्या काळची सराय म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगतों. मधें मोकळें अंगण, चारी बाजूंना कमानदार खोल्यांच्या ओळी, अंगणांत विहीर किंवा हौद, आणि आंत येण्याजाण्यास एकच मोठा दरवाजा. भठियारे नांवाचे लोक तेथें राहून प्रवाशांना स्वयंपाक करून देत, जनावरांना चारा देत आणि त्याचें मोल घेत. सूर्य मावळला कीं दरवाजा बंद होई. औरंगजेबाच्या कारकीर्दींत या देशांत राहिलेला व्हेनिसचा मनुची सांगतो कीं, सकाळीं दरवाजा उघडण्यापूर्वीं पहारेकरी तीनदां ओरडून प्रवाशांना आपापलें सामान तपासावयास सांगे. कोणाचें कांहीं हरवलें असेल तर तें सांपडेपर्यंत दरवाजा उघडत नसे. पाहुण्याच्या गांठोड्याची एवढी जबाबदारी घेणारी व्यवस्था आजच्या काळांतहि क्वचितच पाहावयास मिळते.

पाणचक्कीची सराय या बाजारी सरायांहून निराळी होती. तिच्या मुळाशीं व्यापार नव्हता, एक फकीर होता.

बुखाऱ्याजवळील गिजदुवान गांवचा हा नक्शबंदी पंथाचा साधु. देशोदेशीं हिंडत तो औरंगजेबाच्या काळीं दक्षिणेंत आला आणि या शहरांत स्थिरावला. लोक त्याला बाबा शहा मुसाफिर म्हणत. मुसाफिर म्हणजे वाटसरू. ज्याच्या नांवावर पुढें शेंकडों वाटसरू उतरावयाचे, त्याचें स्वतःचें नांवहि वाटसरूच असावें, हा योग मोठा गोड आहे. त्याचे ज्येष्ठ सोबती आणि गुरुस्थानीं असलेले सत्पुरुष बाबा पलंगपोश. आपल्या घरांत पलंगपोश म्हणजे बिछान्यावरची चादर. परंतु फारशींत 'पलंग' म्हणजे बिबळ्या, आणि पलंगपोश म्हणजे बिबळ्याचें कातडें पांघरणारा. हे पलंगपोश मोंगली फौजेबरोबर हिंडत. मुसाफिर मात्र शहरांतच खाम नदीच्या कांठीं राहिले. तेथें त्यांचा तकिया, म्हणजे फकिराचें राहण्याचें ठिकाण, उभें राहिलें. मुसाफिर १७१५ च्या सुमारास वारले. त्यांच्यामागें शिष्य शहा महमूद यांनीं तें स्थान सांभाळलें आणि वाढविलें. मशीद, मदरसा, सराय, हौद, जातें, असा सगळा पसारा अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत पुरा झाला. तुर्कताजखान आणि जमील बेगखान या सरदारांचीं नांवें त्यांतील बांधकामांशीं जोडलेलीं आहेत. शहा महमूद यांनीं आपल्या दोघां वडीलधाऱ्यांच्या आठवणी फारशींत लिहून ठेविल्या. त्यांचें इंग्रजी भाषांतर सायमन डिग्बी या विद्वानानें केलें असून तें २००१ त प्रसिद्ध झालें आहे.

आतां त्या योजनेची खुबी पाहा. शहराबाहेरील टेकड्यांकडचें पाणी मातीच्या नळांतून कित्येक मैल आणलें आहे. वाटेंत ठिकठिकाणीं उंच दगडी मनोरे आहेत. नळांत कोंडलेली हवा त्यांतून बाहेर पडते आणि पाण्याचा दाब राखला जातो. तकियापाशीं येतांच हें पाणी एका उंच भिंतीच्या माथ्यावर चढतें. येथें पंप नाहीं, मोट नाहीं. उगमाची पातळी उंच, म्हणून पाणी आपल्या स्वभावानेंच वर येतें. भिंतीवरून तें हौदांत कोसळतें आणि त्याच ओघांतील पाण्याच्या जोरावर खालचें पात्यांचें चाक व त्यावरील जड दगडी जातें फिरतें. फकीर, यात्रेकरू, आश्रयाला आलेलीं अनाथ मुलें आणि शिपाई यांच्यासाठीं त्या जात्यावर पीठ निघत असे. आपल्या आयाबहिणींनीं पिढ्यान्‌पिढ्या पहाटे उठून हातानें जातें ओढलें. एका घरचें दळण काढतां काढतां हात भरून येत, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच शेंकडों पाहुण्यांचें दळण पाण्याकडून करून घेण्याचें महत्त्व कळेल.

त्याहून सुरेख कल्पना हौदाखालीं दडलेली आहे. हौदाचा तळ हेंच खालच्या दालनाचें छत आहे. जाड खांबांच्या रांगांनीं तें पेललें आहे. मराठवाड्याचा वैशाख वर धगधगत असतां डोक्यावर पाणी घेऊन हें दालन थंडगार राहत असे, आणि उन्हाळ्यांत यात्रेकरूंना तेथें उतरवीत. हल्लीं खोली गार ठेवणारें यंत्र हा हॉटेलच्या जाहिरातींतील एक अलंकार झाला आहे. येथें तें काम कारंज्याच्या हौदानें केलें, आणि तेंहि ज्याच्या खिशांत दमडी नाहीं अशा माणसासाठीं.

या दालनांत आणि ओवऱ्यांत उतरत कोण? मध्य आशियांतून रोजगारासाठीं आलेले तुराणी शिपाई, हज यात्रेला निघालेले वा तिकडून परतलेले यात्रेकरू, विद्यार्थी, नुसते भटके. कवि आणि इतिहासकार गुलाम अली आझाद बिलग्रामी हे मक्केची यात्रा करून आल्यावर या शहरांत आले आणि कित्येक वर्षें याच तकियांत राहिले. १७८६ त ते वारले. त्यांची कबर खुलताबादेस आहे. चांगलें उतारूगृह एका रात्रीचा निवारा देतें, परंतु उत्तम उतारूगृह माणसाला लिहावयास बसवितें.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. हा सारा खर्च चाले कशावर? श्रीमंत भक्तांच्या देणग्यांवर आणि दान मिळालेल्या जमिनींच्या उत्पन्नावर. आणि हे भक्त कोण? पुष्कळसे मोंगली फौजेंतील सरदार. ज्या फौजेनें १६८२ पासून १७०७ पर्यंत महाराष्ट्राशीं युद्ध केलें, त्याच फौजेंतले. ज्या पैशानें वाटसरूंना भाकरी मिळाली, त्यांतला कांहीं पैसा आपल्या पूर्वजांच्या उभ्या पिकांच्या राखेंतून आलेला असावा. हें विसरून पाणचक्कीचे गोडवे गाणें खोटेपणाचें होईल. परंतु एवढें आठवून जात्याकडे पाठ फिरविणें हेंहि बरोबर होणार नाहीं. इतिहासांत दानाचा उगम क्वचितच निर्मळ असतो. तें दान पुढें कोणाच्या पदरांत पडलें हेंहि पाहावें लागतें.

आणि बिनमोल निवाऱ्याची ही कल्पना कांहीं एका धर्माची नव्हती. याच शहरापासून थोड्या अंतरावर वेरूळ आहे. तेथील घृष्णेश्वराच्या जीर्णोद्धाराशीं अहिल्याबाई होळकरांचें नांव जोडलेलें आहे, आणि त्याच अहिल्याबाईंनीं देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधिल्या. एकाची सराय, दुसऱ्याची धर्मशाळा. परंतु विचार एकच कीं, वाटसरूला पाणी आणि छप्पर देणें हें विकावयाचें काम नव्हे.

१७६३ त निजामअलीनें राजधानी हैदराबादेस नेली. सरदार गेले, त्यांच्यामागें कारागीर गेले, देणग्या आटल्या. नहरींची डागडुजी करणारे हातहि कमी झाले. तकिया राहिला, त्याचें वैभव मात्र उतरणीस लागलें.

मग दुसऱ्या प्रकारचा पाहुणा येऊं लागला. १८१९ त जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या निमित्तानें अजिंठ्याचीं लेणीं दिसलीं, आणि जगाचें लक्ष या मुलखाकडे वळलें. परंतु या पाहुण्याला सरायेचा उपयोग नव्हता. तो डाकबंगल्यांत उतरे, नाहीं तर तंबू ठोकी. १९१०-११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांनीं अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करविल्या; नंदलाल बोस व असितकुमार हालदार हे तरुण चित्रकार त्यांच्या मदतीला होते. ही मंडळी लेण्यांजवळ फर्दापूर येथें छावणी करून राहिली. गंमत अशी कीं, त्या फर्दापुरांतच मोंगली अमलांतली एक मोठी सराय उभी आहे. जुनें उतारूगृह शेजारीं असतां नव्या पाहुण्याला कापडाच्या तंबूंत राहावें लागलें, यावरून दोन काळांतील अंतर ध्यानांत येईल.

तें अंतर आगगाडीनें भरून काढलें. १९०० सालीं मनमाडहून शहरापर्यंत लहान मापाचा लोहमार्ग सुरू झाला. स्टेशन तटाबाहेर दूर झालें, आणि प्रवाशाचें तोंड जुन्या दरवाज्यांऐवजीं स्टेशनच्या रस्त्याकडे वळलें. १९३० त निजाम सरकारनें ही रेल्वे कंपनीकडून आपल्या ताब्यांत घेतली. १९३२ त रेल्वेनेंच २७ बसगाड्या घेऊन संस्थानांत मोटारवाहतूक आरंभिली. याच सुमारास गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखालीं संस्थानचें पुराणवस्तु खातें अजिंठ्याच्या चित्रांचीं मोठालीं पुस्तकें काढीत होतें. चित्रांची कीर्ति पसरली, पाहुणे वाढले, आणि त्यांच्यासाठीं रेल्वेनें या शहरांत हॉटेल चालविलें. आतां खोलीला दर आला, जेवणाला वेळ आली, हिशेबाला पावती आली. प्रवासाची सोय झाली यांत संशय नाहीं. बायकामुलांसह येणाऱ्या गृहस्थाला बंद दार आणि स्वच्छ चादर मिळाली, हा लाभ थोडा नव्हे. सरायेंतील ढेकूण, धूर आणि गलबला यांचें उगाच कौतुक करण्याचें कारण नाहीं.

१९४८ त संस्थान भारतांत आलें, १९६० त महाराष्ट्र राज्य झालें, १९८३ त अजिंठा आणि वेरूळ हीं दोन्ही जागतिक वारशाच्या यादींत गेलीं. हॉटेलें जालना रस्त्यानें विमानतळाच्या दिशेनें पसरलीं. शहराला पिण्याचें पाणी आतां गोदावरीवरील जायकवाडीच्या जलाशयांतून येऊं लागलें. तरी गेल्या कांहीं वर्षांत अनेक वस्त्यांतून नळाला पाणी कित्येक दिवसांनीं येत असे, आणि टँकरची वाट पाहणें हा घरोघरचा नेम झाला. जुन्या नहरींचे मनोरे कोठें रस्त्याच्या कडेला, कोठें घरांच्या दाटींत उभे आहेत. कित्येक ठिकाणीं नळ फुटले, बुजले. ज्या शहरानें एके काळीं पाहुण्याचें पीठसुद्धां पाण्याकडून दळून घेतलें, त्या शहरानें आपल्याच लेकरांना पाणी मोजून द्यावें, यापरतें दुःख तें कोणतें?

पाणचक्की अजून आहे. तिच्या आवारांत महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचें मुख्य कार्यालय आहे, आणि तिकीट काढून प्रवासी आंत येतात. पाहावयाला येतात, राहावयाला नव्हे.

मग तेथें पुनः हॉटेल करावें काय? जगांत असे प्रयोग झाले आहेत. इराणांत इस्फहान येथें शहा सुलतान हुसेनच्या काळीं, म्हणजे आपल्या मुसाफिरांच्याच काळीं, एक मोठी सराय बांधली; तिचें उत्पन्न शेजारच्या मदरशाला जाई. विसाव्या शतकांत तिचें हॉटेल झालें, आणि इमारत वांचली. स्पेनांत सांतियागो येथें राजाराणीनें पंधराव्या शतकाच्या अखेरीस पायीं येणाऱ्या यात्रेकरूंसाठीं रुग्णालय आणि धर्मशाळा बांधण्याचा हुकूम दिला. १९५४ त तेथें सरकारी हॉटेल झालें. आज तेथें श्रीमंत प्रवासी उतरतात. परंतु पोहोंचलेल्या कांहीं यात्रेकरूंना रोज फुकट जेवण द्यावयाची चाल त्या हॉटेलनें ठेविली. इमारत विकत देतांना तिचा धर्म अगदींच विकला नाहीं, एवढें श्रेय त्या लोकांना दिलें पाहिजे.

माझें मत विचाराल तर पाणचक्कीला महागड्या खोल्यांची गरज नाहीं. तिला दोन गोष्टींची गरज आहे. तिची नहर वाहती राहावी, आणि आंत येणाऱ्याला ती काय होती हें कळावें. हौदावर उभा राहिलेल्या मुलाला कोणीतरी सांगावें कीं, बाळ, तुझ्या पायांखालीं एक खोली आहे. तिच्या छतावर हें सारें पाणी आहे. उन्हांतून आलेला अनोळखी माणूस तेथें झोंपत असे. आणि हें जातें त्याच्या भाकरीसाठीं रात्रंदिवस फिरत असे.

श्रोतेहो, आपल्या घरीं येणाऱ्याला आपण प्रथम पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा देतों. नांवगांव मागाहून विचारतों. तीच रीत एका सबंध शहरानें दगडांत आणि पाण्यांत बांधून ठेविली होती. पुढच्या वेळीं आपण त्या वडाखालीं बसाल, तेव्हां जात्याची घरघर ऐकूं येते कीं नाहीं, एवढें मात्र कान देऊन पाहा. ती ऐकूं आली, तर नहरींत अजून पाणी आहे.